त्याग आणि त्यक्त धनाची गती : महाराष्ट्राच्या इतिहासातील काही प्रसंगांचा विचार

१

धनावरील आसक्ती सोडावी, हा उपदेश भारतीय वाङ्मयात इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी आलेला आहे की, त्याचा इतिहास लिहावयास घेतल्यास तो जवळजवळ सर्व धर्मविचाराचाच इतिहास होईल. बौद्धांचा विनय, जैनांचे अपरिग्रहव्रत, महानुभावांचा आचारधर्म, वारकरी संतांची वाणी आणि गांधीजींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रहाला दिलेले स्थान, ही त्याची सर्वपरिचित रूपे होत. परंतु या सर्वांचा विचार बहुधा सोडणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे. त्याला विरक्ती कशी आली, त्याने किती सोडले, त्यानंतर त्याच्या चित्ताला कोणती शांती लाभली, याची वर्णने विपुल आहेत. सोडलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, ती कोणाच्या हाती गेली आणि तिच्यामुळे कोणाचे जीवन कसे पालटले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मुख्य मानला आहे.

असे करण्यास एक व्यावहारिक कारण आहे. आसक्ती ही मनाची वृत्ती असल्यामुळे ती इतिहासाच्या साधनांत प्रत्यक्ष सापडत नाही. तथापि धन सोडताना माणूस ज्या अटी घालतो, जी नोंद करवितो, जे स्वतःकडे राखतो व जे पूर्णपणे हातावेगळे करतो, त्यांत त्या वृत्तीचे ठसे उमटलेले असतात. हे ठसे वाचता येतात. विरक्तीचे मोजमाप करणे हे इतिहासकाराचे काम नाही. हक्क कोणी सोडला आणि कोणास मिळाला, एवढे तपासणे हे त्याचे काम निश्चितच आहे.

या तपासासाठी आपल्या धर्मशास्त्राने एक उपयुक्त भेद करून ठेवलेला आहे. दानाच्या शास्त्रीय कल्पनेत दोन अंगे येतात : दात्याने वस्तूवरील आपले स्वामित्व निवृत्त करणे आणि प्रतिग्रहीत्याचे स्वामित्व उत्पन्न करणे. केवळ पहिले अंग घडले तर तो त्याग होतो. दोन्ही घडली तरच दान पुरे होते. तळे किंवा विहीर बांधून ती सर्व भूतमात्रांसाठी मोकळी केली, म्हणजे त्यास उत्सर्ग म्हणतात; तेथे विशिष्ट असा स्वामी उत्पन्नच होत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) दान आणि उत्सर्ग या दोन्ही विषयांचे सविस्तर विवेचन केले आहे. या भेदाच्या जोडीला धनाच्या तीन गतींची, म्हणजे दान, भोग आणि नाश यांची, भर्तृहरीमुळे रूढ झालेली कल्पना घेतली, म्हणजे आपल्या विचाराला पुरेशी चौकट मिळते. या चौकटीत एकमेकांपासून काळाने फार दूर असलेले चार प्रसंग तपासावयाचे आहेत : नाशिकच्या लेण्यांतील दाने, देहू येथे तुकोबांनी बुडविलेली कर्जखते, १८७५ चा सुपे येथील उठाव आणि १९५१ मध्ये सुरू झालेला भूदानयज्ञ. धन सोडण्याच्या क्रियेत सोडणाऱ्याच्या मनोवृत्तीइतकेच घेणाऱ्याच्या स्थितीला महत्त्व असते, हे या चौघांवरून दिसून येईल असे वाटते.

२

बौद्ध भिक्षूने खाजगी मालमत्ता ठेवू नये, चीवरे, भिक्षापात्र व असेच थोडे परिष्कार एवढ्यावर निर्वाह करावा आणि सोन्यारुप्याचा स्वीकार करू नये, असा विनयाचा दंडक होता. हा दंडक पाळणे सोपे नव्हते. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशाली येथे भरलेल्या संगीतीत ज्या दहा गोष्टींविषयी वाद झाला, त्यांत सोन्यारुप्याचा स्वीकार ही एक होती, असे विनयपिटकातील वृत्तान्तावरून कळते. अर्थात, ज्याने सर्व सोडले त्याचा योगक्षेम कोणी व कसा चालवावयाचा, हा प्रश्न संघापुढे आरंभापासूनच उभा होता. त्याचे एक अत्यंत स्पष्ट उत्तर नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेले आहे.

हे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात, दिनीकाचा पुत्र ऋषभदत्त (लेखांतील रूप उषवदात) याने संघास दिले. वर्ष ४२ च्या लेखात त्याने लेण्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाचे मूळ भांडवल, दिल्याचे नमूद आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : २,००० कार्षापण शेकडा एक या दराने व १,००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत द्यावयाची नव्हती. केवळ वृद्धीचा, म्हणजे व्याजाचा, उपभोग घ्यावयाचा होता. दोन हजारांच्या वृद्धीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. हा दर मासिक धरला असता हिशेब तंतोतंत जुळतो. दोन हजारांवर महिन्यास वीस व वर्षास दोनशे चाळीस कार्षापण होतात. आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा, म्हणजे तेवढेच. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असेही लेख सांगतो.

या व्यवस्थेकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, येथे धन कोणीच भोगीत नाही आणि तरीही ते नष्ट होत नाही. दात्याने ते सोडले आहे. भिक्षूस त्याचा स्पर्शही नाही, कारण मूळ रक्कम श्रेणीकडे आहे. श्रेणीस ते वापरता येते, परंतु खर्चून टाकता येत नाही. भिक्षूची निःसंगता विणकरांच्या मागावर उभी आहे. भिक्षूच्या अंगावरील वस्त्राचे मोल विणकरांच्या श्रमातून दर वर्षी निघावयाचे आहे. अपरिग्रहाला आधार देणारा परिग्रह आपले रूप बदलून सामुदायिक व अविनाशी झाला, असे याचे वर्णन करता येईल. व्यक्तीने सोडावे आणि संस्थेने धरून ठेवावे, ही पुढे मठ, देवस्थाने व धर्मादाय निधी यांत रूढ झालेली पद्धती येथे पूर्ण विकसित स्वरूपात आढळते.

याच लेण्यातील आणखी एका नोंदीचा येथे उल्लेख केला पाहिजे. भिक्षूंच्या अन्नाची तरतूद म्हणून ऋषभदत्ताने एक शेत दिले. परंतु ते देण्यापूर्वी त्याने ते अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण मोजून विकत घेतले. शेत त्या ब्राह्मणाच्या वडिलार्जित मालकीचे होते. प्रदेशावर सत्ता चालविणाऱ्या राजपुरुषासही दुसऱ्याचे शेत परस्पर दान करता आले नाही. ते आधी आपले करून घ्यावे लागले. जे आपले नाही ते सोडता येत नाही, हे तत्त्व येथे रोख रकमेच्या भाषेत लिहिलेले आहे. त्याबरोबरच हेही लक्षात येते की, लेणे संघास दिल्यानंतरही दाता त्याचा उल्लेख 'मम' या शब्दाने, म्हणजे 'माझे लेणे' असा, करतो. स्वामित्व गेले तरी ममत्व उरले, असा निष्कर्ष या एका शब्दावरून काढणे कदाचित धाडसाचे ठरेल; परंतु दानाची यादी दगडावर कोरवून घेणाऱ्याने आपले नाव सोडले नव्हते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पराभव करून हा प्रदेश घेतला. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील वर्ष १८ च्या आज्ञापत्रात, पूर्वी ऋषभदत्ताच्या भोगात असलेले अपरकखडी गावचे २०० निवर्तने क्षेत्र भिक्षूंस दिल्याचे म्हटले आहे. वर्ष २४ चे आज्ञापत्र त्याहून उद्बोधक आहे. कखडी गावात पूर्वी दिलेले शेत नांगरले जात नाही व तो गावही वसलेला नाही, असे कारण देऊन राजा व राजमाता यांनी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने भिक्षूंस देण्याची आज्ञा अमात्यास केली आहे. राजाने जमीन सोडली होती, संघाच्या नावे ती नोंदली गेली होती, आणि तरीही दान फलद्रूप झाले नव्हते. कारण नांगर धरणारा कोणी तेथे नव्हता. स्वामित्वाचे हस्तांतर पुरे होऊनही दान अपुरे राहू शकते, याचा इतका जुना व इतका प्रांजळ राजकीय पुरावा विरळाच. या नापीक दानाची आठवण पुढे पुन्हा करावी लागणार आहे.

३

नाशिकचा पुरावा दगडावर टिकला. आता ज्या प्रसंगाकडे वळावयाचे आहे, त्यातील कागद मात्र पाण्यात गेले.

तुकोबांचे घराणे देहू येथील महाजनकी सांभाळणारे व व्यापारउदीम करणारे होते. वडील बोल्होबा यांच्या मागे घरचा व्यवहार तुकोबांवर आला, कारण वडील बंधू सावजी विरक्त होऊन घर सोडून गेले होते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात व्यवहार बुडाला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली आणि मुलगाही गेला. दुष्काळाने द्रव्य व मान दोन्ही नेल्याची आणि पत्नीच्या मृत्यूची हकीकत तुकोबांच्या आत्मपर अभंगांत आलेली आहे. त्यामुळे एवढ्या भागाविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्यानंतर भामनाथाच्या डोंगरावर एकांतात राहिलेल्या तुकोबांचा शोध घेत धाकटे बंधू कान्होबा तेथे आले व उभयता परतल्यावर घरातील कर्जखतांची वाटणी होऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही हकीकत महिपतीने सांगितली आहे. महिपतीचा भक्तलीलामृत हा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी झालेला आहे. त्याचे लेखन भक्ताचे आहे, कारकुनाचे नव्हे, हे ध्यानात ठेवूनच त्यातील तपशील वापरला पाहिजे. तथापि या कथेतील एक तपशील असा आहे की, तो केवळ चरित्रनायकाचे माहात्म्य वाढविण्यासाठी रचला असता तर वेगळा झाला असता. तुकोबांनी सर्व खते बुडविली नाहीत. अर्धी कान्होबांस दिली व अर्धीच बुडविली.

हा 'अर्धा' भाग महत्त्वाचा आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेचा अंमल महाराष्ट्रातील दायभागावर होता. तिच्या मताप्रमाणे वडिलार्जित धनावर कुटुंबातील पुरुषांचा जन्मतःच हक्क असतो. म्हणून एकत्र कुटुंबातील एकाने सर्वांचे धन परस्पर सोडून देणे धर्म्य होत नाही. आधी वाटणी झाली पाहिजे आणि मग आपल्या वाट्याचे काय करावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे. तुकोबांच्या कथेत नेमका हाच क्रम आहे. ऋषभदत्ताने शेत आधी विकत घेतले. तुकोबांनी खते आधी वाटून घेतली. एक राजपुरुष आणि एक दिवाळे निघालेला वाणी, या दोघांच्याही त्यागाच्या मुळाशी स्वामित्वाची सीमा आखून घेण्याची एकच क्रिया आहे.

आता प्रश्न असा की, बुडविले काय? सामान्यतः या प्रसंगाचे वर्णन 'तुकोबांनी धनावर पाणी सोडले' असे केले जाते. परंतु खत म्हणजे धान्य, दागिना किंवा नाणे नव्हे. खत म्हणजे दुसऱ्या माणसाच्या पुढील श्रमावरील हक्क होय. दुष्काळानंतरच्या काळात तर हा हक्क विशेष कठोर असतो, कारण ऋणकोजवळ जे होते ते दुष्काळानेच नेलेले असते. मुद्दलाइतकेच व्याज घ्यावे, अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्राने घातलेला असला तरी मुद्दल उरतेच; आणि पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हाही धर्म मानला गेल्यामुळे ऋणकोच्या मृत्यूनेही खत संपत नाही. ते पुढच्या पिढीच्या दारात जाऊन उभे राहते. असे खत पाण्यात गेले, म्हणजे एका पिढीचेच नव्हे तर तिच्या मुलांचेही ओझे उतरते.

येथे भर्तृहरीच्या तीन गतींचा क्रम उलटा होतो. जो देत नाही आणि भोगीतही नाही, त्याच्या धनाला तिसरी गती, म्हणजे नाश, प्राप्त होते, असा त्या विचाराचा आशय आहे. नाश ही कृपणाची शिक्षा आहे. खताच्या बाबतीत मात्र नाश हेच दान ठरते. धान्य नदीत टाकले तर ते कोणाच्याच पोटात जात नाही. खत नदीत टाकले तर ते ऋणकोच्या घरी पोचते. प्रतिग्रहीत्याला हात पुढे करावा लागत नाही, उपकाराखाली वाकावे लागत नाही, दात्याच्या दारी जावे लागत नाही. स्वस्वत्वनिवृत्ती आणि परस्वत्वापादन ही दानाची दोन्ही अंगे एकाच क्षणी पूर्ण होतात, कारण ऋणकोस जे मिळावयाचे ते त्याच्याच श्रमाचे उद्याचे फळ असते. आणि नाशिकच्या अक्षयनीवीशी तुलना केली असता भेद अधिकच ठळक होतो. तेथे दात्याने सोडलेले धन श्रेणीवरचे कायमचे देणे होऊन राहिले; येथे सोडणाऱ्याने देणेच संपविले.

तथापि या त्यागाचा भार कोणावर पडला, हेही सांगितले पाहिजे. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई हिला चरित्रकारांनी बहुधा कर्कशा म्हणून रंगविले आहे. परंतु येणे असलेली खते नदीत गेल्यावर चुलीवर काय ठेवावयाचे, हा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा होता आणि तो तिने उच्चारला, एवढाच या रंगवणुकीचा ऐतिहासिक अर्थ आहे. ऋणकोची मुले मोकळी झाली. तुकोबांच्या मुलांच्या वाट्याला येऊ शकणारे मात्र कमी झाले. शास्त्राने वाटणीच्या वेळी भावाचा वाटा राखला. पत्नीच्या संमतीचा प्रश्न त्यात उद्भवला नाही. त्यागाच्या इतिहासात ज्यांचे मत विचारले गेले नाही अशा व्यक्तींची नोंद करणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

पुढच्या काळाचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. छत्रपतींकडून आलेले मानाचे उपचार तुकोबांनी परत पाठविले, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली आणि घराण्यास पुढे इनाम गावे मिळाली. यात नारायणबाबांचा दोष पाहण्याचे कारण नाही; यात्रा व नित्य उपासना चालवावयाची तर उत्पन्न हवेच. नाशिकच्या भिक्षूंपुढे जो प्रश्न होता तोच येथे पुन्हा आला आणि त्याचे उत्तरही तेच निघाले. व्यक्तीने सोडलेले संस्थेने धरून ठेवले.

४

देहूच्या प्रसंगात सावकाराने स्वतः खते बुडविली. सावकार ती सोडावयास तयार नसेल तर काय होते, हे त्याच पुणे प्रांतात सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी दिसून आले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने घेरली आणि खते व हिशेबाच्या वह्या जाळल्या. तेथून हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावी पसरला. त्याची कारणे सुविदित आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी ओसरली होती, जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली होती, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत बळावली होती. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला असे आढळले की, शरीरास इजा करण्याचे प्रकार थोडे होते. जमावाचा रोख खतांवर व हुकूमनाम्यांवर होता, आणि ती मुकाट्याने हवाली केली तेथे बहुधा हिंसा झाली नाही.

जमावाने धान्याच्या कोठारापेक्षा कागदावर अधिक लक्ष ठेवावे, यात ग्रामीण समाजाचे अर्थज्ञान दिसते. कोठार लुटले तर एका हंगामाची सोय होते. खत जाळले तर पुढचे सर्व हंगाम आपले होतात. देहूला पाणी व सुप्याला अग्नी, हा भेद साधनाचा आहे; नाहीशी झालेली वस्तू दोन्हीकडे एकच आहे. परंतु परिणामात मोठे अंतर आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांस कैद व दंड भोगावे लागले, आणि त्यांना जे हवे होते त्याचा थोडा अंश १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने, न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन व्यवहाराची खरी हकीकत तपासण्याचा अधिकार देऊन, पदरात घातला. स्वेच्छेने सोडलेला हक्क, बळाने हिरावलेला हक्क आणि कायद्याने आखडलेला हक्क, अशी तीन रूपे येथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. अनासक्तीचा उपदेश ज्या समाजात घरोघर ऐकला जात होता, त्याच समाजात हक्क सोडविण्यासाठी अग्नीचा व नंतर कायद्याचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट उपदेशाच्या सामर्थ्याची मर्यादा दाखविते.

५

या तिन्ही रूपांपैकी पहिले, म्हणजे स्वेच्छेचे रूप, देशव्यापी करून पाहण्याचा प्रयत्न विनोबा भावे यांनी केला. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांचा पिंड संतवाङ्मयावर पोसलेला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली येथे हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि व्ही. रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे १०० एकर देऊ केली. तेलंगणात त्या वेळी शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. सुप्याचा प्रश्न तेथे अधिक उग्र रूपाने उभा होता. विनोबांनी त्यास देहूच्या मार्गाने उत्तर द्यावयाचे ठरविले. घरात पाच मुले असतील तर मला सहावा माना व माझा वाटा द्या, ही त्यांची मागणी दानापेक्षा दायभागाच्या भाषेत होती. याचक न होता वारसदार होऊन मागण्याची ही युक्ती मिताक्षरेच्या प्रदेशात वाढलेल्या माणसास सुचावी, हे स्वाभाविक आहे.

उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. मिळाली ती जमीन ४० लाख एकरांहून अधिक. पायी हिंडणाऱ्या एका माणसाच्या शब्दावर एवढी भूमी सोडली जाणे ही जगाच्या इतिहासात असाधारण घटना आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु आपला प्रश्न त्यक्त धनाच्या गतीचा आहे. मिळालेल्या जमिनीपैकी बराच भाग डोंगराळ, खडकाळ किंवा मालकीविषयी तंटा असलेला निघाला. बराच भाग दीर्घकाळ वाटलाच गेला नाही. ज्या बिहारमध्ये सर्वांत अधिक जमीन मिळाली, तेथे दानपत्रांना कायदेशीर रूप देण्यासाठी १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तरीही दानपत्र व प्रत्यक्ष ताबा यांतील अंतर मिटले नाही. सातकर्णीच्या अमात्यास वर्ष २४ मध्ये जे लिहिले गेले, तेच, म्हणजे शेत नांगरले जात नाही असे, येथेही अनेक ठिकाणी लिहिता आले असते. फरक असा की, सातवाहनांच्या राजाने ते शेत बदलून दुसरे दिले.

१९५६ च्या अखेरीस पळणी येथील निर्णयाने चळवळीने आपल्या भूदान समित्या विसर्जित केल्या व गांधी निधीतून मिळणारे साह्यही घेणे थांबविले. निधिमुक्ती व तंत्रमुक्ती ही नावे त्या निर्णयास मिळाली. वैयक्तिक अपरिग्रहाचे तत्त्व संस्थेलाही लावण्याचा हा अपूर्व प्रयत्न होता. परंतु जमीन घेणाऱ्यास ताबा, बैल, बी व विहीर मिळवून देण्याचे काम ज्या यंत्रणेने करावयाचे होते, तीच यंत्रणा यामुळे क्षीण झाली. नाशिकच्या दात्याने श्रेणी, निगमसभा व नोंदफलक या तिन्हींचा आधार घेतला होता. अनासक्तीच्या दृष्टीने तो विनोबांच्या जवळपासही येत नाही. परंतु त्याच्या वीस भिक्षूंची वस्त्रे कोठून यावयाची, हे त्याने पक्के करून ठेवले होते. सोडणाऱ्याची शुद्धी आणि घेणाऱ्याची सोय या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदत नाहीत, हे मान्य केल्यावाचून भूदानाचे नीट मूल्यमापन होणार नाही.

६

या चार प्रसंगांवरून काही गोष्टी मांडता येतात. पहिली अशी की, आपले असेल तेवढेच सोडता येते. म्हणून प्रामाणिक त्यागाच्या आधी खरेदी किंवा वाटणी, म्हणजे स्वामित्वाची मोजणी, झालेली आढळते. दुसरी अशी की, वस्तू सोडणे आणि हक्क सोडणे यांत मूलतः भेद आहे. सोडलेली वस्तू वापरण्यासाठी घेणाऱ्याजवळ नांगर, श्रम व संस्था असावी लागते. सोडलेला हक्क मात्र त्याच क्षणी दुसऱ्याची सुटका करतो. म्हणून तुकोबांची अर्धी खते, संख्येने कितीही थोडी असोत, त्यागाच्या इतिहासात लाखो एकरांच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेची आहेत. तिसरी अशी की, धनाविषयीची आसक्ती सर्वाधिक चिवट असते ती वस्तूंच्या ठिकाणी नव्हे, तर दुसऱ्याकडून येणे असलेल्या रकमेच्या ठिकाणी. घरातील भांडे माणूस देऊन टाकतो. येणे सोडताना त्याचा हात थरथरतो.

यातून संशोधकापुढे एक अडचण उभी राहते. जे राखले गेले त्याचे कागद राहतात आणि जे सोडले गेले त्याचे कागद जातात. ऋषभदत्ताच्या विणकरांचा व्याजदर आपल्याला पाऊण टक्क्यापर्यंत ठाऊक आहे. देहूच्या ज्या ऋणकोंची खते बुडाली त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांची सुटका ज्या क्रियेने झाली त्याच क्रियेने ते इतिहासातूनही नाहीसे झाले. दप्तरांवर विसंबणाऱ्या इतिहासात सावकारी, इनामे व वतने यांचे चित्र नेहमीच गडद उमटते आणि सोडून दिलेल्या येण्याचे चित्र फिके राहते, याचे हेच कारण होय.

तथापि ही उणीव काही अंशी भरून काढता येईल. ऋण फिटल्यावर किंवा माफ केल्यावर लिहून दिलेल्या फारखती, भावाभावांत झालेली सोडपत्रे, वाटणीपत्रांत 'या येण्यावर हक्क नाही' अशा अर्थाची आलेली कलमे, आणि सावकारी वह्यांतून काट मारलेली खाती, ही सर्व आपल्या दप्तरखान्यांत व खाजगी संग्रहांत आहेत. आजवर ती बहुधा आर्थिक व्यवहाराची किरकोळ कागदपत्रे म्हणून बाजूस ठेवली गेली. काट कोणत्या वर्षी मारली गेली, ते वर्ष दुष्काळाचे होते काय, माफी कोणत्या जातीच्या व कोणत्या गावच्या कुळांस मिळाली आणि सोडणाऱ्याच्या घरात त्या वेळी वाटणी झाली होती काय, एवढे चार प्रश्न घेऊन एखाद्या तालुक्याच्या कागदपत्रांची छाननी झाली, तर धनावरील आसक्ती खरोखर कोणी, केव्हा व कोणासाठी सोडली, याविषयी संतचरित्रांच्या बाहेरचा पुरावा प्रथमच हाती येईल. हे काम विभागातील विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे.